फुलेश्वरीच्या नावापुढची हिरवी खूण

वहिनी, तुमच्या तेरवीच्या दिवशी मी पहिली चूक केली ती पंगत बसायच्याही आधी.

जुनवानीच्या बालगृहातली लेकरं व्हॅनमधून तुमच्या दुर्गच्या अंगणात उतरली. लहान्यांना सांभाळणाऱ्या दुलारीनं त्यांना रांगेत चपला काढायला लावल्या. फुलेश्वरी तेवढी रांग सोडून सरळ माझ्याकडे आली. (नाव बदललं आहे. तुम्ही आधी तेच विचारलं असतं, म्हणून सांगतो.) तिनं तुमचा फोटो पाहिला, हार पाहिला आणि मला विचारलं, "बड़े दाई कहाँ हे?" लेकरं तुम्हालाच बड़े दाई म्हणायची.

मी म्हणालो, "गाँव गई है, बेटा."

"कब आही?"

झालं. भिलाई स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात अख्खी नोकरी मी याच एका प्रश्नावर काढली: कोण आलं, कोण गेलं, कोण परत कधी येणार. आणि आता तोच पाचही वर्षं पूर्ण न झालेल्या पोरीनं विचारला. मी मंडपाच्या खांबाकडे पाहू लागलो. तुम्ही असता तर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या असता, "सांगा न भाऊजी आता. कोनती गाडी आहे परतीची?"

दुलारी आली, तिच्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "बड़े दाई मर गे हे, नोनी. अब नइ आवय." बड़े दाई मेली, पोरी. आता येणार नाही.

फुलेश्वरीनं दुलारीच्या पदराचं टोक धरून एवढंच विचारलं, "अउ तैं?" आणि तू?

"मैं इहें हौं." मी इथंच आहे.

एवढं ऐकून ती जेवायला गेली. वांग्याची भाजी तिनं दोनदा मागून घेतली. नियम तुमचाच होता: या लेकरांना कोणी गेलेलं माणूस 'गावाला गेलं' म्हणून सांगायचं नाही, कारण ती वाट पाहत बसतात. आमच्यापैकी तो दुलारीला पाठ होता, आणि मला, ज्यानं तो तुमच्या सांगण्यावरून सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावला, त्याला नाही.

मी बालगृहात आलोच कसा, हे तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तुम्ही कधी ऐकून घेतलं नाही. प्रभाकरदादा गेल्यावर तुम्ही तिथल्या अधीक्षिका झाल्या. मी रिटायर झालो आणि घरात बसून दुसऱ्याच आठवड्यात पाणी भरण्याचा आणि गॅस बंद करण्याचा ड्यूटी चार्ट बनवला. आमच्या हिनं, सुधानं, तो फ्रिजवरून काढला आणि म्हणाली, "कुंदावहिनीले लिहायला मानूस पाहिजे. जा तुमी. मले पाळी बदलाले रिलीव्हर नको अन् तुमीही नको." तेव्हा समाजसेवा वगैरे नाही, वहिनी. मला घरून काढलं होतं.

तुम्ही मला एक जाड रजिस्टर दिलं आणि लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला निघालात. स्टेशनवर मी बॅग उचलली तर म्हणाल्या, "काही सुचलं तर करा, भाऊजी. पन लिहून ठेवा. बरं झालं तरी लिहा, वाईट झालं तरी लिहा. नुसतं तोंडी नको."

मला सुचायला वेळ लागत नाही.

तिथं चार बाया होत्या. दुलारी जवळजवळ तिथंच राहायची. दिवाळीलाही तिला धड सुट्टी नव्हती. बाकीच्या तिघी आपापल्या सोयीनं यायच्या. भिलाईच्या माणसाला असलं दृश्य पाहवत नाही. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्तसुद्धा नवऱ्याची शिफ्ट पाहून काढतात. मी ठरवलं, या घराला शिस्त लावायची. फर्स्ट, सेकंड, नाइट, प्रत्येकीला वीकली ऑफ, आणि दर सोमवारी खोल्यांची अदलाबदल. लहान्यांच्या खोलीतली बाई मोठ्यांच्या खोलीत, मोठ्यांची लहान्यांत. कॅम्प-१ मधल्या दुकानात तीन रंगांत प्रिंट काढून लॅमिनेट करून आणला. खाली 'फायदे' असा मथळा देऊन मी एक वाक्य लिहिलं, ज्याचा मला फार अभिमान होता: कोणाचाही जीव कोणा एका लेकरात अडकून राहणार नाही.

त्यामागं अक्कल होती, बरं का. प्लांटमध्ये एका खुर्चीवर माणूस फार दिवस बसला की गडबड सुरू होते, म्हणून त्याला हलवतात. स्टोअरच्या बाबूला जे लागू, ते दुलारीला लागू, असं मी धरलं. दोघांतला फरक माझ्या लक्षात आला नाही, कारण चार्टात दोघांचाही चौकोन सारखाच असतो.

तुम्हाला फोन केला तर पलीकडे तुमचा नातू रडत होता. तुम्ही म्हणाल्या, "सारख्या बदलनार का बाया? बरं… लिहून ठेवा." त्या 'बरं'नंतर तुम्ही थोडं थांबल्या होत्या. मी ते लिहून ठेवलं नाही.

बाकी सगळं लिहिलं. प्रत्येक लेकराला एक पान, पानावर रकाने: खाणं, खेळणं, रडणं, प्रश्न. हिरवा पेन म्हणजे ठीक, लाल म्हणजे गडबड. तक्रारपेटीही लावली, माझ्या खांद्याच्या उंचीवर, ज्यांना अजून अक्षर येत नाही अशा लेकरांसाठी. महिनाभरात त्या पेटीत एकच वस्तू निघाली, अर्धा खाल्लेला पेरू. तुम्ही परत आल्यावर तो किस्सा ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या. "ही बराबर तक्रारच आहे, भाऊजी. पेरू कच्चा आहे."

ते हसू पुढच्या दहा मिनिटांत संपलं.

मला तो दिवस नीट आठवतो. ऑफिसची खिडकी उघडी, बाहेर वाळत घातलेल्या चादरी, टेबलावर दोन चहा. तुम्ही रजिस्टर चाळत होत्या आणि मी शाबासकीची वाट पाहत होतो. फुलेश्वरीचं पान आलं. चार्ट सुरू व्हायच्या आधी ती रोज सकाळी लाल रिबन हातात घेऊन दुलारीकडे जायची, वेणी घालून घ्यायची आणि मग दूध प्यायची. चार्ट लागल्यावर 'प्रश्न' या रकान्यात रोज एकच नोंद: "आज कोन आही?" आज कोण येणार? रोज लाल खूण, कारण सकाळच्या बाईचा वेळ जात होता. मग एका तारखेपासून तो रकाना रिकामा. पुढे सलग हिरव्या खुणा. आणि माझ्या अक्षरात शेरा: 'प्रश्न विचारणे बंद. मूल रुळले.'

तुम्ही चष्मा काढला. मला वाटलं, आता टोमणा येणार. तुमचा टोमणा मी कधीही झेलू शकत होतो.

"रिबन कुठं आहे तिची?" तुम्ही विचारलं.

मला माहीत नव्हतं. रिबनीचा रकानाच नव्हता.

दुलारीला बोलावलं. ती मोठ्यांच्या खोलीतून आली आणि म्हणाली, रिबन पोरीच्या मुठीत असते, बाई. कोणालाच देत नाही. झोपतानाही नाही.

मग तुम्ही माझ्याकडे न पाहता बोललात. "ती रुळली नाही, भाऊजी. तिनं विचारनं सोडलं. आपन तिले शिकवलं की विचारून काही होत नाही."

मी चहा पिऊन टाकला.

त्यानंतर तुम्ही जे केलं, त्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून आज लिहितो. तुम्ही खालचा ड्रॉवर उघडला. त्यात कागदांचा गठ्ठा होता, लेकीकडून छापून आणलेला, समासात पेन्सिलीच्या तुमच्या खुणा. अनाथालयांत वाढणाऱ्या लहान लेकरांवर लोकांनी वर्षानुवर्षं केलेला अभ्यास. सांभाळणारी माणसं सारखी बदलली की लेकराचं काय होतं, आणि एकच माणूस टिकलं तर काय होतं. तुम्ही एक ओळ बोटानं दाखवली. तिच्याखाली रेघ फार आधी मारलेली होती.

"हे मले माहीत होतं," तुम्ही म्हणाल्या. "फोनवर तुमी सांगितलं तवाच आठवलं होतं. म्हटलं, भाऊजी हौसेनं करून राहिले, करू द्या, आल्यावर पाहू. नातवाच्या गडबडीत बोलले नाही. वाचून ड्रॉवरात ठेवलं, भाऊजी. ड्रॉवरात ठेवलेलं कोनाच्या कामाचं?"

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, चूक माझी आहे. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हे कागद परदेशातले आहेत, वहिनी. तिथली लेकरं वेगळी. शिवाय मधे ऋतू बदलला. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पुरावा अपुरा आहे."

तुम्ही रागावल्या असता तर मी सुटलो असतो. पण तुम्ही मान हलवली. "हे मात्र बराबर बोलले. आपल्या घरात काय होते ते आपनच पाहू."

मग तुम्ही चार्ट फाडला नाही. लॅमिनेशन फाटतही नाही म्हणा. तुम्ही माझ्याच चार्टावर पेन घेऊन बसल्या. लहान्यांच्या खोलीत कायम दुलारी. तिच्या सुट्टीच्या दिवशी दर वेळी तीच एक ठरलेली बाई. सुट्टीच्या आदल्या दिवशी दुलारीनं स्वतः लेकरांना सांगायचं की उद्या मी नाही, परवा येते. आणि भिंतीवर दोघींचे फोटो, उद्या जी येणार तिच्या फोटोखाली फूल. वीकली ऑफ मात्र तुम्ही ठेवला. "सुट्टीचं तुमी बराबर केलं," म्हणाल्या. "त्या बाईले मी इतकी वर्षं मानूस समजले नाही." दुलारी पहिल्या सुट्टीत लेकीकडे जाऊन आली आणि मला एक किलो तिवड्याची, म्हणजे आपल्या लाखोळीची, डाळ देऊन गेली. माझ्या चार्टाची तेवढी एक बाजू बरी निघाली, हे तुम्ही माझ्यासमोर, दुलारीसमोर, आणि नंतर सुधाला फोन करून सांगितलं. त्या फोनमुळे मला घरात पुन्हा चहा मिळू लागला.

आणि तिथूनच आपलं ते भांडण सुरू झालं, जे तुम्ही अर्धवट टाकून गेल्या.

मी चुकलो, हे पटायला मला वेळ लागला. पण मोजण्याची गोडी लागल्यावर मी थेट दुसऱ्या टोकाला गेलो. म्हटलं, वहिनी, लहान्यांची खोली बदलली, ठीक. मोठ्यांची तशीच राहू द्या, सहा महिने. दोन खोल्या शेजारी शेजारी ठेवून पाहू. तेव्हा कुठं खरा पुरावा होईल, सरकारच्या विभागाला दाखवता येईल.

"अन् त्या खोलीतली लेकरं?"

"सहाच महिने तर…"

"तुमच्या घराले आग लागली तर अर्धं घर जळू द्याल का, तुलना कराले?"

"आग आहे का नाही, तेच तर पाहायचं आहे!"

"भाऊजी, धूर तुमच्याच रजिस्टरात आहे."

तुम्ही त्याच आठवड्यात मोठ्यांच्या खोलीतही ठरलेली बाई लावली. मी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी तुमच्या हातच्या साबुदाणा वड्यांसाठी सोडला. पण मुद्दा सोडला नाही. दर थोड्या दिवसांनी म्हणायचो, दोन्ही खोल्या एकदम बदलून तुम्ही पुरावा कच्चा केला. आणि तुम्ही म्हणायच्या, किती कळल्यावर हात हलवायचा, ते तुमी लिहून द्या, मी सही करते. मी कधी लिहून दिलं नाही. मला अजूनही ते नीट येत नाही.

फुलेश्वरी काही सिनेमासारखी चार दिवसांत बदलली नाही. बरेच आठवडे रिबन मुठीतच. मी रोज लिहायचो: रिबन मुठीत. रिबन मुठीत. पुढे एका सोमवारी दुलारी सुट्टीवरून परत आली, दारात चप्पल काढत होती, आणि ही पोर तिच्यासमोर उभी राहून भांडायला लागली. "काली कहाँ गे रहे?" काल कुठं गेली होतीस? दुलारी म्हणाली, सांगितलं होतं ना तुला, लेकीकडे जाते म्हणून. पोरीनं तरी पाठीवर एक चापट मारली. मग मूठ उघडली आणि मळलेली रिबन तिच्या पुढ्यात धरली.

मी रजिस्टर उघडलं आणि सवयीनं लाल पेन घेतला, कारण मारामारी झाली होती. तुम्ही मागून हात घातला आणि हिरवा पेन माझ्या बोटांत दिला. काही बोलल्या नाहीत. वहिनी, आपल्या एवढ्या दिवसांच्या ओळखीत तुम्ही न बोलता सोडलेली ती एकमेव संधी.

विभागाला द्यायचा अहवाल तुम्ही शेवटपर्यंत लिहीत होत्या. अंथरुणावर उशीला टेकून. मी शुद्ध प्रत करायचो. एका ओळीवर आपण अडलो. मी लिहिलं होतं, 'मधल्या काळात बदलती ड्यूटी सुरू झाली होती.'

"आपोआप झाली काय?" तुम्ही म्हणाल्या. "अवकाळी पाऊस आहे का ते?"

"नाव कशाला पाहिजे, वहिनी? मुद्दा पद्धतीचा आहे."

तुम्ही माझ्या हातातून कागद घेतला, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'बदलती ड्यूटी' मग एक लांब रिकामी रेघ, आणि 'यांनी सुरू केली.' रेघ तुम्ही भरली नाही. "तुमी भरा," म्हणाल्या. मी कागद पिशवीत टाकला आणि विषय डाळिंबाकडे नेला. पुढच्या खेपेला आलो तेव्हा तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या.

तेरवीनंतर चौथ्या दिवशी दुर्गला विभागाची बैठक होती. जिल्ह्यातल्या सगळ्या बालगृहांना बाया पुरवायचं काम एका एजन्सीला द्यायचं, दर महिन्याला बाया एका घरातून दुसऱ्या घरात फिरवायच्या, असा प्रस्ताव होता. म्हणजे दुलारी पुढच्या महिन्यापासून कुठंही. प्रस्तावाचा कागद माझ्या हातात आला आणि मी 'लाभ' या मथळ्याखालचं तिसरं वाक्य वाचलं: 'किसी एक बच्चे से अनावश्यक लगाव नहीं होगा.' वहिनी, वाक्य माझं होतं. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही, माझा चार्ट पाहिलेला नाही, आणि तरी वाक्य माझंच होतं.

माझी पाळी आली. बैठक चालवणाऱ्या मॅडम तरुण, चुणचुणीत. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला पाच मिनिटं दिली. मी तक्रारपेटीतला पेरू सांगितला, लॅमिनेशन सांगितलं, लोक हसले. मग मी रजिस्टर त्यांच्यापुढे उघडलं. त्यांनी फुलेश्वरीचं पान सावकाश वाचलं. शेऱ्याशी आल्यावर बोट थांबलं.

"ये हरा निशान किसने लगाया?"

"मैंने, मैडम."

"और ये रोटेशन?"

मी अहवाल काढला. तुमची रेघ तशीच होती. पेन खिशातून काढताना टोपण खाली पडलं, ते शोधायला मी टेबलाखाली वाकलो, आणि अशा प्रतिष्ठित अवस्थेतून वर येऊन त्या रेघेवर पूर्ण नाव लिहिलं. वळवून त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी तेच विचारलं जे मी तुम्हाला विचारत आलो. तुलना कुठं आहे? दोन्ही खोल्या एकदम का बदलल्या? मी म्हणालो, तुलना आधीची आणि नंतरची आहे, कच्ची आहे, मान्य. सोबत हे बाहेरचे अभ्यास आहेत, ते पक्के आहेत. तुमचा ड्रॉवरातला गठ्ठा तुमच्या पेन्सिलीच्या खुणांसकट मी टेबलावर ठेवला. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. पाच मिनिटं केव्हाच संपली होती.

शेवटी म्हणाल्या, लहान्यांच्या खोल्यांत बाया बदलणार नाहीत, ज्या आहेत त्याच राहतील. मोठ्यांच्या खोल्यांत मात्र सहा महिने रोटेशन करून पाहू, मग तुलना करता येईल.

म्हणजे मला हवं होतं तेच. अक्षरशः तेच. आणि मी उभा राहून जवळजवळ ओरडलो, "आधा घर जलने देंगे क्या, मैडम, तुलना के लिए?"

मला स्वतःलाच कळेना, हे कोण बोललं. मॅडमनी पाहिलं माझ्याकडे, मग म्हणाल्या, ठीक आहे, मोठ्यांचा निर्णय पुढच्या बैठकीत. तोवर तुमचं म्हणणं लेखी द्या. किती पुरेसं आहे असं तुम्हाला वाटतं आणि का, तेही लिहा.

तेच भांडण, वहिनी. तुमची बाजू माझ्याकडे आली आहे आणि माझी सरकारकडे गेली आहे. तुम्हाला हे पाहायला मिळायला हवं होतं.

परतताना जुनवानीला गेलो. दुलारी चादरी काढत होती. सांगितलं, तू इथंच आहेस. तिनं मान हलवली आणि चादरी मोजत राहिली, दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. मी ऑफिसात बसून जुनं पान काढलं. टाइम ऑफिसचा नियम असा की चुकीची नोंद खरवडायची नाही, एक रेघ मारून बाजूला सही करायची, म्हणजे खालचं वाचता येतं. 'मूल रुळले' यावर रेघ मारली. हिरव्या खुणांवर मारली. सही केली, तारीख आजची टाकली. हे तुम्ही असताना करायचं होतं. तुमचं बरोबर होतं, वहिनी, हे एवढं वाक्य मला तुमच्या तोंडावर कधी म्हणता आलं नाही. मी प्रत्येक वेळी 'पुरावा' म्हणालो.

निघालो तर फुलेश्वरी फाटकाशी उभी. रिबन वेणीत, अर्धी सुटलेली.

"काली आबे?" उद्या येशील?

तोंडात 'देखबो' आलं होतं, बघू. मोठी माणसं म्हणतात तसं. ते मी गिळलं.

"आहूँ," म्हणालो. येईन.

तिनं मागं वळून दुलारीला ओरडून सांगितलं, बबा काली आही, आजोबा उद्या येणार. मग स्वतः आत पळाली, भिंतीवरच्या फोटोंकडे. तिथं माझा फोटो नाही, वहिनी, फूल कशाखाली ठेवायचं म्हणून ती अडली असणार. उद्या जाताना एक घेऊन जातो. पासपोर्ट साइजचा आहे, प्लांटच्या ओळखपत्रावरचा.